हिरावलेल्या आडनावाची सोसायटी : क्लॅन ग्रेगरचं प्रकरण

३ एप्रिल १६०३. स्कॉटलंडच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, त्या दिवशी एक आडनाव रद्द केलं : मॅकग्रेगर. ज्याचं हे नाव असेल त्याने ते टाकून दुसरं घ्यावं, नाही घेतलं तर देहदंड. पाठोपाठच्या फर्मानांनी फास आणखी आवळला. ताटातलं मांस कापायला लागणारी, टोक मोडलेली सुरी सोडून दुसरं हत्यार बाळगायचं नाही. चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. राजा सहावा जेम्स दोनच दिवसांनी इंग्लंडचं सिंहासन घ्यायला लंडनच्या वाटेला लागला. निघण्याआधी उरकलेल्या कामांपैकी हे एक.

१८२२ साली याच नावाच्या लोकांनी क्लॅन ग्रेगर (म्हणजे ग्रेगर कुळ) सोसायटी स्थापन केली. ती आजही चालू आहे, आणि स्कॉटिश कुळांच्या हयात संस्थांमध्ये सर्वांत जुन्यांपैकी एक आहे.

कुळाची संस्था दोनशे वर्षं कशी टिकते हे समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते हेच प्रकरण बघावं. मॅक्लाउड कुळाला स्काय बेटावरचा डनव्हेगन किल्ला आहे, कॅम्पबेलांना इनव्हरॅरी आहे. तिथे तिकीट काढून माणसं येतात, भिंतीवरच्या तसबिरी बघतात, त्या कुळाचा वारसा डोळ्यांना दिसतो. मॅकग्रेगरांकडे असं काही उरलेलं नव्हतं. मूळ जमीन गेलेली, गढ्या गेलेल्या, आणि पावणेदोनशे वर्षांच्या बहुतेक काळात नावही गेलेलं. उरली होती ती माणसं, आणि त्यांच्याबद्दल दुसऱ्यांनी, बहुतेकदा शत्रूंनी, लिहून ठेवलेले कागद. या सोसायटीने जे काही केलं ते या दोन गोष्टींच्या आधारावर केलं, आणि माझ्या मते ती टिकली तीही त्यामुळेच.

आधी जमीन, मग नाव

कुळाचं मूळ ठिकाण ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे, ग्लेनलायन ही पश्चिम आणि मध्य हायलँड्समधली, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली खोरी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, पण राजाच्या सहीशिक्क्याची सनद हातात नाही. कॅम्पबेल घराण्याने त्याच जमिनींच्या सनदा मिळवल्या आणि मॅकग्रेगर आपल्याच खोऱ्यात खंड भरणारे कसणारे झाले, पुढे बेदखल झाले. मग गुरं पळवणं, लूटमार, सूड हे सगळं आलं. त्यांना निव्वळ निरपराध ठरवण्यात अर्थ नाही, पण ही वेळ त्यांच्यावर कशी आली हे कागदांवरून नीट दिसतं.

७ फेब्रुवारी १६०३ रोजी लॉख लोमंडजवळच्या ग्लेन फ्रुइनमध्ये त्यांनी लसच्या कहून घराण्याचा मोठा पराभव केला, बरीच माणसं मारली. दोन महिन्यांच्या आत नावबंदी आली. प्रमुख अॅलस्टर मॅकग्रेगर याला जानेवारी १६०४ मध्ये एडिंबरात फाशी दिलं. उरलेल्यांनी जवळपासच्या सामर्थ्यवान घराण्यांची नावं घेतली : मरी, ड्रमंड, ग्रॅहम, स्ट्युअर्ट, ग्रँट, अगदी कॅम्पबेलसुद्धा. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, १६९३ मध्ये ती पुन्हा बसली, आणि १७७४ मध्ये कायमची गेली. रॉब रॉय मॅकग्रेगर, ज्याचं नाव जगभर माहीत आहे, तो कागदोपत्री आईचं कॅम्पबेल हे आडनाव लावत असे. बॅलव्हिडरच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे आणि तिच्यावर आज जे कोरलेलं आहे त्याचा भाव असा : त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर.

संस्थेच्या दृष्टीने यातून जो प्रश्न उभा राहिला तो फार अवघड होता. पाच-सहा पिढ्या लोक दुसऱ्याच्या नावाने जगले, त्या नावाने लग्नं लागली, त्या नावाने मुलांची बारशी झाली. १७७४ नंतर काहींनी जुनं नाव परत घेतलं, काहींनी घेतलं नाही. एकाच आजोबांची नातवंडं, एक मरी आणि दुसरा मॅकग्रेगर. मग कुळात कोण आणि बाहेर कोण?

८२६ सह्या आणि थाळनेरचा दरवाजा

पहिलं काम प्रमुख ठरवण्याचं. जुनी मुख्य शाखा संपलेली होती. ८२६ मॅकग्रेगरांनी एका लेखावर सह्या करून जॉन मरी ऑफ लॅनरिक यांना आपला प्रमुख मानलं. हे जॉन मरी ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करात अधिकारी होते, १७९५ मध्ये त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. ग्लेनगाइल शाखेला ही निवड मान्य नव्हती. वंशवेलीवरचा वाद सह्यांनी मिटवला गेला, याचं मला विशेष वाटतं. रक्ताने कोण सर्वांत जवळचा हे सिद्ध करणं अशक्य होतं, तेव्हा लोकांनी एकत्र येऊन एकाला स्वीकारलं. जी जमात चारजणांच्या वर जमली तर गुन्हा होता, तिने आठशेच्या वर नावं एका कागदावर उघड लिहिली.

इथे या कथेचा एक धागा थेट खानदेशात येतो. जॉन मरी यांचा मुलगा इव्हन हा तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेबरोबर होता. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांच्या ताब्यातलं तापीकाठचं थाळनेर इंग्रजांकडे जायचं ठरलं. २७ फेब्रुवारीला फौज किल्ल्यासमोर आली तेव्हा आतून तोफा सुटल्या. काही वेळाने किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाले. आतल्या अरब शिबंदीशी मात्र बोलणी अर्धवट राहिली. दिंडी दरवाज्यातून मोजकी माणसं आत शिरली, त्यांत मेजर गॉर्डन आणि लेफ्टनंट कर्नल इव्हन मॅकग्रेगर मरी होते. एकमेकांची भाषा कळत नव्हती, हत्यारं खाली ठेवण्यावरून झटापट झाली. गॉर्डन मारला गेला, मरी कट्यारींच्या वारांनी जबर जखमी झाला. बाहेरची फौज आत घुसली आणि सुमारे तीनशे जणांची कत्तल झाली. त्याआधीच स्वाधीन झालेल्या तुळशीरामांना हिस्लॉपने किल्ल्याच्या बुरुजावर फाशी दिलं. हे प्रकरण इतकं गाजलं की पुढच्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने हिस्लॉपचे आभार मानताना थाळनेर त्यातून मुद्दाम वगळलं.

हाच जखमी कर्नल १८२२ मध्ये वडिलांच्या निधनानंतर सर इव्हन मॅकग्रेगर म्हणून कुळाचा प्रमुख झाला. त्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या त्या सोहळ्यात स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार किल्ल्यातून होलिरूड राजवाड्यात नेताना पहारा देण्याचा मान मॅकग्रेगरांना मिळाला. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या हातात सुरीसुद्धा टोक मोडून द्यायची, त्यांच्याच राखणीत राजचिन्हं. सोसायटी त्याच वर्षी जन्मली. या सोहळ्याचं वर्णन कुळाचा प्रत्येक माणूस अभिमानाने सांगतो, ते योग्यच आहे. पण थाळनेरचं पान त्याच्या शेजारी असायला हवं. ज्यांच्यावर अन्याय झाला तीच माणसं दोन पिढ्यांत दुसऱ्यांच्या देशात कुणाच्या बाजूने उभी होती, हे सांगितल्याशिवाय वारसा पुरा होत नाही.

संस्थेला काम लागतं

सोसायटी सुरू झाली ती गरजू कुळबंधूंना मदत आणि मुलांचं शिक्षण यांसाठी. त्या काळात हायलँड्समधली खेडी रिकामी होत होती, मेंढ्यांच्या कुरणांसाठी माणसं हलवली जात होती, लोक ग्लासगोच्या गिरण्यांत नाहीतर कॅनडाच्या जहाजावर चढत होते. फीचे पैसे, पुस्तकं, एखाद्या विधवेला आधार, हे काम खरं होतं. म्हणून लोक वर्गणी देत.

शतक संपत आलं तशी ही निकड बदलली. सरकारी शाळा आल्या. आता सोसायटीने दुसरं काम हाती घेतलं : इतिहास. प्रमुखांच्या घराण्यातल्या अमेलिया मरी मॅकग्रेगर यांनी सोसायटीच्या विनंतीवरून कुळाचा इतिहास लिहिला, पहिला खंड १८९८ मध्ये आणि दुसरा १९०१ मध्ये. या कामाचं मोल समजायला हवं. कुळाचे स्वतःचे दप्तर जवळपास नव्हतेच. त्यांचा इतिहास सापडतो तो प्रिव्ही कौन्सिलच्या नोंदवह्यांत, खटल्यांत, त्यांना पकडण्याच्या हुकमांत, जामीनकतब्यांत. ज्या कागदांनी या माणसांना नामशेष करायचं होतं, त्यांच्यातूनच एक एक नाव वेचून परत बसवावं लागलं. त्यात एक सुखद अपवाद असा की सोळाव्या शतकात फॉर्टिंगल गावी जेम्स मॅकग्रेगर आणि त्याचा भाऊ डंकन यांनी गेलिक कवितांचं एक हस्तलिखित उतरवून ठेवलं होतं. ते आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि मध्ययुगीन गेलिक काव्याच्या अभ्यासकांचं त्यावाचून चालत नाही. लुटारू म्हणून ज्यांचं नाव खोडलं त्यांच्याच घरातली ही बैठक.

मेळाव्यांविषयी मला थोडं सावध बोलायचं आहे. ते हवेतच. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रँडफादर माउंटनवर १९५६ पासून हायलँड गेम्स भरतात. तिथे पहिल्या रात्री प्रत्येक कुळाचा प्रतिनिधी मशाल घेऊन पुढे येतो आणि आपलं कुळ हजर असल्याचं मोठ्याने सांगतो. कितीतरी माणसांचा आपल्या कुळाशी पहिला संबंध अशा ठिकाणच्या तंबूतच येतो. पण मेळावा म्हणजे काम नव्हे. जुलै २००९ मध्ये एडिंबराच्या होलिरूड पार्कात जगभरच्या कुळांचा प्रचंड मेळावा झाला, सुमारे ४७,००० लोक आले, रॉयल माइलवरून संचलन निघालं. काही महिन्यांत आयोजक कंपनी कर्जात बुडाली आणि पुरवठादारांचे पैसे अडकले. त्या गर्दीतून कुणाच्या वंशावळीत एक नाव वाढलं का, एखादी वही जतन झाली का, हा प्रश्न विचारायला हवा. ज्या कुळसंस्था वर्षाच्या एका जेवणावर आणि टार्टनच्या (कुळाच्या खास चौकडीच्या कापडाच्या) टायवर चालतात त्या संस्थापकांबरोबर संपतात. क्लॅन ग्रेगरला प्रत्येक पिढीत टेबलावर बसून करायचं एक काम मिळत गेलं.

एक अर्ज कसा तपासतात

हे काम प्रत्यक्षात कसं असतं ते बघू. समजा, ओंटारिओमधली एक बाई लिहिते : माझं माहेरचं नाव ड्रमंड, पण आजी सांगायची की आपण मूळचे मॅकग्रेगर. आजीच्या सांगण्यापलीकडे हातात काही नाही.

स्कॉटलंडमध्ये सक्तीची नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्या पहिल्या वर्षाचे दाखले सोन्याच्या मोलाचे. आईवडील कुठे जन्मले, लग्न कधी झालं, इतर मुलं किती, इतकं सगळं त्यांत विचारलं होतं. हे भरता भरता निबंधक हैराण झाले आणि १८५६ पासून बरेच रकाने कमी केले. त्यामुळे घरातल्या कुठल्याही एका माणसाचा जन्म, विवाह किंवा मृत्यू नेमका १८५५ मधला निघाला, तर दोन पिढ्या एका फटक्यात हाती येतात. त्याच्या मागे जायचं तर पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, जुन्या वह्या. बारशाची एक ओळ, बापाचं नाव, कधी कधी त्यापुढे ‘ऊर्फ’ : ड्रमंड ऊर्फ मॅकग्रेगर. ती ‘ऊर्फ’ची नोंद सापडली की शोधणाऱ्याला काय होत असेल याची कल्पना करता येते. स्कॉटिश नोंदींचा आणखी एक मोठा गुण म्हणजे लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव लिहिलं जातं, दाखल्यावरही आणि थडग्याच्या दगडावरही. लॉख लोमंडमधल्या इंचकॅलॉख बेटावर मॅकग्रेगरांची जुनी दफनभूमी आहे. तिथल्यासारखी झिजत चाललेली अक्षरं वेळेत उतरवून घेणं हाही या कामाचाच भाग.

आपल्याकडे ज्यांनी कुलवृत्तांताच्या कामात हात घातला आहे त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल : पत्रं पाठवायची, उत्तरांची वाट बघायची, बडव्यांच्या नाहीतर उपाध्यांच्या वह्या धुंडाळायच्या. फरक मोठा आहे तो एका ठिकाणी. आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलगी लग्न होऊन गेली की तिची ओळ तिथेच संपते, बऱ्याचदा तिचं नावही नसतं. स्कॉटिश वहीत ती माहेरच्या नावाने शेवटपर्यंत दिसत राहते, आणि तिच्या वाटेने आलेला अर्जही सोसायटीला तितकाच ग्राह्य धरता येतो.

मेरीलँडचे मॅग्रूडर

१९०९ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन क्लॅन ग्रेगर सोसायटी निघाली. पुढाकार मॅग्रूडर घराण्यातल्या लोकांचा. सतराव्या शतकाच्या मध्यात मेरीलँडमध्ये आलेल्या अलेक्झांडर मॅग्रूडरचे हे वंशज. तो मॅकग्रेगरच होता आणि नाव बंदीमुळे बदललं, अशी घराण्याची पक्की समजूत होती. त्याच समजुतीवर संस्था उभी राहिली, तिने वर्षानुवर्षं मेळावे घेतले, वार्षिक अंक काढले, हजारो लोकांच्या वंशावळी नोंदवल्या.

नंतर पर्थशायरच्या कागदपत्रांत शोध घेणाऱ्यांनी दाखवलं की मॅग्रूडर हे तिथलंच एक वेगळं घराणं होतं आणि त्याचे संबंध ड्रमंडांशी होते. ज्या पायावर घर बांधलं तो पायाच सरकला. अशा वेळी बऱ्याच संस्था एकतर पुरावा दडपतात किंवा फुटतात. इथे संस्था चालू राहिली. माझ्या मते या सबंध प्रकरणातला हा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. शंभर वर्षं एखाद्या कुळाचं काम करणारी, त्याच्या वह्या सांभाळणारी माणसं त्या कुळाची होतातच. १७७४ नंतर ८२६ जणांनी सही करून प्रमुख ठरवला तेव्हाही तत्त्व हेच होतं.

डीएनए चाचण्यांनी हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने पुढे आणला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ तसंच जातं, त्यामुळे पुरुषांच्या ओळीने शेकडो वर्षं मागे बघता येतं. क्लॅन ग्रेगरच्या डीएनए प्रकल्पात मॅकग्रेगर आडनावाच्या अनेक पुरुषांमध्ये एक सामाईक खूण सापडली आणि तिला १३९० मध्ये वारलेल्या इयन कॅम या प्रमुखाचं नाव दिलं गेलं. ज्यांच्या आडनावात मॅकग्रेगरचा मागमूस नाही अशांमध्येही ती निघाली. म्हणजे आजीने सांगितलेली गोष्ट कधी कधी अक्षरशः खरी ठरते, चारशे वर्षांनी. उलट पिढ्यान्‌पिढ्या मॅकग्रेगर असलेल्या काहींमध्ये ती नाही. दत्तक, विवाहबाह्य जन्म, किंवा प्रमुखाच्या आश्रयाला येऊन त्याचं नाव घेतलेलं कुटुंब, कारणं पुष्कळ असतात. अशा माणसाला चाचणीचा कागद दाखवून परकं ठरवणं म्हणजे १६०३ चंच फर्मान पुन्हा काढणं. हा अहवाल देताना शब्द जपून वापरावे लागतात, आणि ज्या संस्थेकडे तेवढी समज नाही तिने चाचण्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं काम

सध्याच्या अडचणी सगळ्याच कुळसंस्थांच्या आहेत. सभासद वयस्क होत चालले, वंशावळी खाजगी संकेतस्थळांवर पैसे भरून मिळतात, तरुणांना सोसायटीची गरज वाटत नाही. यावर टार्टनची मोठी जत्रा हा उपाय नाही. तरुण येतात ते खऱ्या प्रश्नावर काम असेल तर.

असा एक प्रश्न मेरीलँडमध्ये वाट बघतो आहे. मॅग्रूडर कुटुंबांच्या तंबाखूच्या मळ्यांवर गुलाम राबत होते. आज मॅग्रूडर आडनावाची अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं अमेरिकेत आहेत. सर इव्हन मॅकग्रेगर स्वतः आयुष्याच्या अखेरीस बार्बाडोसचे गव्हर्नर होते, गुलामगिरी कायद्याने संपत होती नेमक्या त्या वर्षांत. या कुटुंबांच्या पूर्वजांवर नाव लादलं गेलं, मॅकग्रेगरांचं काढून घेतलं गेलं. जगातली दुसरी कुठलीही कुळसंस्था हा प्रश्न यांच्याइतका आतून समजू शकणार नाही.

कागदही आहेत. मेरीलँडने १ नोव्हेंबर १८६४ ला गुलामगिरी संपवली. पुढे भरपाई मिळेल या आशेने जुन्या मालकांनी १८६७ पासून याद्या दाखल केल्या, त्यांत मुक्त झालेल्या माणसांची नावं आणि वयं आहेत. काही परगण्यांच्या या याद्या राज्याच्या अभिलेखागारात आजही बघायला मिळतात. १९०९ पासूनच्या अंकांतल्या वंशावळी अमेरिकन सोसायटीकडे आहेत. मॅग्रूडर मालकांच्या नावाखालची प्रत्येक ओळ या वंशावळींशी ताडून बघायची, जी नावं जुळतील त्यांच्या वंशजांना पत्र लिहायचं, त्यांना हवं असेल तर आपली सगळी दप्तरं खुली करायची आणि सभासदत्वाच्या अर्जात त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवायचा नाही. सुरुवात माँटगोमेरी आणि प्रिन्स जॉर्जेस या दोन परगण्यांपासून करता येईल.